फौजदारांची नवी फटफटी

तीन वर्षं धाडी घालूनही फौजदारसाहेबांना ठकुबाईच्या घरी दारूची भट्टी सापडली नव्हती. तीच ठकुबाई एक दिवस म्हणाली, "सायेब, आता मोठी फटफटी घ्या." साहेबांच्या मनात पाल चुकचुकली.

"तुला गं कशाला माझी काळजी?"

"तुमची न्हाई, आमच्या माणसांची. ही दर खेपंला चढावर बंद पडती, अन् ढकलाया त्यास्नीच जावं लागतंय."

साहेबांना ते पटलं. त्यांनी पुण्याच्या एका गोऱ्या कप्तानाची दुप्पट ताकदीची फटफटी घेतली. पहिल्याच धाडीला ठकुबाईच्या चुलीवर भाकरी टम्म फुगली होती.



साहेब गेल्यावर ती जावेला म्हणाली, "जुनी वढ्यापाशी येस्तवर ऐकूच यायची न्हाई. ही पार लांबच्या मार्गासनी गावापासनंच वरडती. भट्टी लपवून भाकरी थापायलाबी येळ गावतो."