गालावरची तीट

श्यामकांतचा व्हिसा स्टुटगार्टच्या कंपनीचा, सुलेखाचा विद्यापीठाचा, आणि दोघांच्या मुदती कधी एकदम संपतील तर शपथ! त्यामुळे त्यांच्या लेकीचा, ईप्सिताचा, जर्मनीत राहण्याचा परवाना कधी बापाच्या कागदांवर तर कधी आईच्या, असा सारखा नव्याने काढावा लागे. तिच्या पहिल्यावहिल्या फोटोच्या वेळी, पुण्याहून बाळंतपणाला आलेल्या त्याच्या सासूबाईंनी हळूच तिच्या गालावर काजळाची ठसठशीत तीट लावली होती. श्यामकांत जाम वैतागला होता. "अहो आई, जर्मनीत कुणाची दृष्ट लागत नाही!" पण फोटो निघून गेला होता.

पुढच्या खेपेला परवान्याच्या ऑफिसातल्या बाईंनी जुना फोटो निरखला. "आल्झो, म्हणजे, हिच्या गालावरचा तीळ कुठे गेला?"

मूल बदललं म्हणतील, या धास्तीने श्यामकांत तेव्हापासून दर फोटोला स्वतः, पट्टीने मोजून, त्याच जागी तीट लावू लागला.

२००९ साली ईप्सिता सोळा वर्षांची झाली आणि तिला स्वतःचा कायमचा परवाना मिळायची वेळ आली. वैतागलेल्या पोरीने काउंटरवर सगळं खरं सांगून टाकलं. बाई पोट धरधरून हसल्या आणि म्हणाल्या, "या वेळी स्वच्छ गालाचा फोटो आणा."

ईप्सिता तोंड खसखसून धुऊन कॅमेऱ्यासमोर बसली. तेवढ्यात श्यामकांतने खिशातून काजळाची डबी काढली.



"थांब गं, कायमचं काम होतंय. कुणाची दृष्ट लागायला नको!"