मागचा बांबू

तेरोयने मागच्या बांबूखाली खांदा घातला, तसा तिथेच उभ्या असलेल्या पुलोयने त्याला चक्क दंडाला धरून बाहेर ओढलं.

"मानोंग, ही तुमची जागा नाही. पुढे जा." थोरल्या भावाला म्हणतात तसं सगळं गाव तेरोयला 'मानोंग' म्हणायचं.

"आज मी इथेच."

"थट्टा पुरे. भरती यायला लागलीय."

भरती खरंच यायला लागली होती. चर्चचे समुद्राकडचे खांब ओले झाले होते. बांबूच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर, वर लाकडी क्रूस, असं ते अख्खं चर्च खालून बांबू बांधून खांद्यावर उचलायचं आणि टेकाडावर नेऊन ठेवायचं होतं. समुद्र किनारा खायला लागल्यापासून गावातली निम्मी घरं अशीच वर गेली होती. आता चर्चची पाळी. मध्येच खाली आदळलं तर भुगा झाला असता, आणि या बेटावर नवं बांधण्याजोगा बांबूही उरला नव्हता.

घर कुणाचंही असो, पुढचा उजवा कोपरा तेरोयचा. तो "उसा, दुहा, तुलो!" असा एक-दोन-तीनचा आवाज द्यायचा आणि तिसाव्या गड्यापर्यंत सगळे खांदे एकदम वर यायचे. चढ लागला की तो मागे वळून ओरडायचा, "मागचे झोपलात का रे?" मागची पोरं दात काढायची. संध्याकाळी भाताची पेज ओरपताना तो बायकोला सांगायचा, "सेपा, आजचं घर माझ्याच खांद्यावर वर गेलं बघ." सेपा पातेल्यात उगाच डाव फिरवत राहायची.

गेल्या रविवारी पास्टर एलियास प्रवचनात म्हणाले, "काहींना पुढची जागा फार आवडते." तेरोयच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सगळं गाव आपल्याच मानेकडे बघतंय असं त्याला वाटलं. आठवडाभर त्याला अन्न गोड लागलं नाही. शेवटी त्याने मनाशी ठरवलं, यापुढे मागे. अगदी शेवटी, चिखलात.

आणि आता मागे कुणी उभं राहू देईना. खुद्द पास्टर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मागच्या बांबूपाशीच पाण्यात उभे होते.

"मानोंग, पुढे व्हा बरं. तुम्ही पुढे नसाल तर कसं जमायचं?"

"रविवारी तर तुम्हीच म्हणालात ना, पुढची जागा म्हणून?"

"मी?" पास्टर गोंधळले. "अहो, ते कुठे आणि हे कुठे!" त्यांनी पुलोयकडे पाहिलं. पुलोयने शेजारच्या बांबूवरच्या बेर्तोकडे. बेर्तो पायाखालच्या पाण्याकडे बघत बसला.

तेरोयला काही कळेना. रविवारी पुढे जाऊ नका, आज पुढेच जा. ही माणसं आपली टिंगल करतायत, की आपण त्यांना शेजारी नकोसे झालोय? त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"माणसाला लहान व्हायचंय, तर तेसुद्धा होऊ देत नाही का रे तुम्ही?"

एक लाट आली आणि सगळ्यांच्या पोटऱ्या भिजवून गेली.

"राहू दे," पास्टर हळूच म्हणाले. "वेळ नाही. बेर्तो, तू पुढे जा."

तेरोयने मागूनच आवाज दिला. चर्च उचललं गेलं. वाळूवर ते नेहमीसारखं डुलत चाललं. यात काय एवढं, असं तेरोयच्या मनात आलं.

मग चढ लागला.

सगळं चर्च त्याच्या अंगावर घसरत आल्यासारखं झालं. बांबू खांद्यात रुतला. कंबरेत जुन्या जागी कळ उठली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याचा गुडघा टेकला. वर क्रूस कलला. "धरा!" असं कुणीतरी किंचाळलं. पुलोयने आपला बांबू खांद्यावर तसाच ठेवून पाठ त्याच्या बांबूखाली घातली. पास्टर दुसऱ्या बाजूने शिरले. दात-ओठ खात त्यांनी ते तिथेच उतारावर टेकवलं आणि खाली दगड लावले. चर्च वाचलं.

तेरोय गवतात बसून धापा टाकत होता.

"पुलोय, हे इतकं जड असतं?"

"चढावर सगळं वजन मागे येतं, मानोंग."

"आणि पुढे?"

पुलोयने घाम पुसला. त्याला उत्तर द्यायचं नव्हतं. पण मानोंग टक लावून बघत होता.

"पुढे आवाज द्यायचा असतो. माडावरून पडून तुमची कंबर गेली ना, तेव्हा आम्ही प्रार्थनेनंतर चर्चमध्येच बसून ठरवलं, तुम्हाला पुढे ठेवायचं. सेपाताई रडत आल्या होत्या. तुम्ही घरी बसायला तयार नव्हता."

"मग माझ्या वाट्याचं वजन?"

"थोडं थोडं सगळेच घेतो."

तेरोयने एकेकाच्या खांद्याकडे पाहिलं. बांबूचे वळ होते. पास्टरांच्या शर्टाला खांद्याशी ठिगळ होतं, ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं तो या माणसांना झोपाळू म्हणत होता. त्याला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्ता इथेच, मागे, या माणसांच्या शेजारी उभं राहावं असं त्याला फार वाटलं.

पण त्याचा बांबू पुन्हा कलला असता.

तो उठला. चर्चच्या भिंतीला हात लावत लावत पुढे गेला. बेर्तोने सरकून जागा दिली. उजव्या कोपऱ्यातला बांबू त्याने खांद्यावर घेतला. तो हलका होता. किती हलका होता, ते त्याला आजच कळलं. आवाज द्यायला त्याने तोंड उघडलं, पण तो मान वळवून मागच्या बांबूकडेच बघत राहिला. खाली लाटा दगडांवर आपटत होत्या आणि सगळे खांदे वाट बघत होते.

तेवढ्यात मागून पुलोय ओरडला, "काय मानोंग, पुढचे झोपलात का?"