विटेएवढी पॉवर बँक

कुमुदिनीने विटेएवढी पॉवर बँक दुकानाच्या काउंटरवर आदळली. "ही तिसरी! दर वेळी आधीपेक्षा मोठी नेली, तरी ह्यांचा रेडिओ दोन मिनिटांत गप्प. ह्यांच्या अंगावरून वारं गेलंय, उठून बटण दाबता येत नाही. मी काय दिवसभर तिथेच बसू?"

दुकानदाराने तिने सोबत आणलेला रेडिओ बँकेला जोडून पाहिला. गाणं लागलं, पण मिनिटभरात बँकेवरचा दिवा विझला.

"काकू, बँक चांगली आहे. तुमचा रेडिओच वीज इतकी कमी मागतो, की हिला वाटतं पलीकडे कुणी नाहीच. मग ही आपली आपण बंद होते. ह्याला साधे सेलच बरे."

"सेल नकोत म्हणून तर हा सगळा खटाटोप! ते कधी संपतात ते रोज बघत कोण बसणार?"

बोलून गेली आणि कालची दुपार तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. रेडिओ केव्हाचा बंद पडला होता आणि नवरा त्याच्याकडे तोंड करून तसाच बसून होता. "हाक मारायला काय झालं होतं?" ती त्याच्यावर खेकसली होती. "तू कामात होतीस," एवढंच तो पुटपुटला होता.

दुकानदाराने फळीवरून सेल काढले. "डझनाचं पाकीट देऊ?"

"नको, दोनच द्या," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "संपले का, ते रोज विचारीन मी त्यांना."