तराजूकाकांची साक्ष

जवळ सरकून बसा, मायबापहो. गोष्ट मूठभर आहे, पण कडू आहे. औषध समजून गिळा.

“‘मारलं’ नको. ‘मारल्याचा आरोप आहे’, असं करा.” कोर्टाच्या व्हरांड्यातल्या टायपिस्टानं नव्या वकीलबाईंचा मसुदा परत सरकवला. तीस वर्षं एकच टेबल, एकच खुर्ची. एकेक शब्द तोलून देतात म्हणून सगळे त्यांना तराजूकाका म्हणत.

“आणि ‘सांगितलं’ चालेल का, काका?”

“चालेल की. ‘सांगितलं’ गरीब शब्द आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ‘दावा केला’ म्हटलं की ऐकणाऱ्याची भुवई वर जाते. ‘आरोप केला’ म्हटलं की पुरावा मागतात. पण ‘पाहिलं’...” काकांनी बोट उचललं. “ते ज्याच्या डोळ्यांनी पाहिलं, त्यानंच लिहावं. तो एक शब्द अख्ख्या फायलीला भारी.”

“मग तुमच्या डोळ्यांना काय झालं? चष्म्याला चिकटपट्टी?”

“पडला,” काका म्हणाले आणि कीबोर्डवर वाकले.

तेवढ्यात त्यांची धाकटी बहीण आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. नवऱ्यानं तिला एका रविवारी जिन्यावरून ढकललं होतं. त्याला घरापासून लांब ठेवा, एवढंच तिनं कोर्टाकडे मागितलं होतं. त्या रविवारी तिच्या घरी तिसरं माणूस एकच होतं, जेवायला आलेला भाऊ. म्हणून साक्षीदारही तोच. स्वतःची साक्ष काकांनी स्वतःच टाइप केली होती. तीनदा. दोनदा फाडून.

“वाचून बघतेस?” काकांनी कागद पुढे केला.

“तू लिहिलंयस ना, दादा? मग मी काय डोंबल वाचू!” ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

अकराला पुकारा झाला. नवऱ्याच्या वकिलानं काकांचा कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचला. “‘अर्जदार माझी सख्खी बहीण आहे. पतीने जिन्यावरून ढकलले, असा तिचा दावा आहे.’ साहेब, सख्खा भाऊसुद्धा ‘दावा’च म्हणतो. मला काही विचारायचं नाही.”

न्यायाधीशांनी काकांकडे पाहिलं. “यात काही भर घालायची आहे?”

मागच्या बाकावर मेहुणा पायावर पाय टाकून बसला होता. काकांचा मुलगा त्याच्याच गोदामात कामाला होता, गेल्याच महिन्यात कायम झालेला. मेहुण्यानं नुसती मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवावी तशी.

काका न्यायाधीशांकडे वळले. “नाही, साहेब. लिहिलंय तेवढंच.”

दहा मिनिटांत निकाल लागला. घटना प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार नाही, सबब अर्ज नामंजूर.

व्हरांड्यात बहीण टेबलापाशी थांबली. काकांना वाटलं, आता रडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं डाव्या हातानं त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला. बाहीच्या टोकानं एक काच पुसली. दुसरीला तडा होता, तिथे ती जपून थांबली.

“दादा, माझं कोपर लागूनच फुटला ना हा? तू खालच्या पायरीशी उभा होतास. वर बघत ‘भावोजी, अहो!’ म्हणून ओरडलास. मी तुझ्या अंगावर येऊन आदळले, म्हणून तर वाचले.”



तिनं चष्मा परत त्यांच्या नाकावर ठेवला, नीट, दोन्ही कानांमागे. आणि गेली. त्याच घरी, त्याच जिन्यानं वर.

मायबापहो, वरच्या दरबारात टायपिस्ट लागत नाही. तिथे देवानं सगळं पाहिलेलं असतं. इथे मात्र तुम्हीआम्हीच आहोत. तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा. आणि कुणी विचारलंच, तर ‘पडली’ म्हणू नका. ढकलली, असं म्हणा.