पींपीं वाजणारे बूट

खाजेच्या गोळीने सुस्ती येते, हे लिडियाबायला ठाऊक होतं. सर्दीच्या गोळीनेही येते, हेही. पण एकेका गोळीच्या सुस्तीला तिने कडक चहाने परतवलं होतं. आज खाजही होती आणि सर्दीही, म्हणून जेवणानंतर तिने दोन्ही गोळ्या घेतल्या. खाजेची खाजेला, सर्दीची सर्दीला, त्यांचा एकमेकींशी काय संबंध? दोन वर्षांचा नातू पींपीं वाजणारे बूट घालून अंगणात दुडदुडत होता. आवाज येतोय तोवर पोर आपल्यापाशीच, असं म्हणत ती ओटीवरच्या खुर्चीत टेकली. कुणीतरी गदागदा हलवून उठवलं तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. तिला वाडीतल्या बावखलाशी, त्या लहानशा तळ्याशी, नेलं. काठावर सून चिंब भिजून बसली होती; मांडीवरचं पोर थंडगार होतं. “पींपीं ऐकलं गो मी,” शेजारीण रडत म्हणाली, “पार पाण्यापर्यंत. वाटलं, तू मागं असशील.” लिडियाबायने पोराचा बूट दाबला. नुसतं पाणी आलं.