सोंड

मेकॅनिकने जीपचं बोनेट उघडून आत पाहिलं, मग प्रितेशकडे. पाण्यातही इंजिनाला हवा मिळावी म्हणून छतापर्यंत नेलेली काळी सोंड बाहेरून नुसती चिकटवलेली होती. नव्याकोऱ्या गाडीचा पत्रा कापायला प्रितेशचं मन धजावलं नव्हतं. दिसायला तर सोंड झकासच होती. बापाला मात्र ऐटीत सांगितलं होतं, “छातीभर पाण्यातूनही जाते.” त्या भरवशावर बाप काल आजारी हौसाकाकूला घेऊन कशेळीजवळ पुराच्या पाण्यात शिरला आणि जीप मध्येच बंद पडली. काकूला ट्रॅक्टरवाल्यांनी कसंबसं बाहेर काढलं. “पिताजी को बता दूं?” मेकॅनिकने हळूच विचारलं. प्रितेशने नकारार्थी मान हलवली. बाप जवळ आला. “पोरा, चुकी माझीच हाय. मलाच चालवता आली न्हाय.” “असू दे, बाबा,” प्रितेश म्हणाला. बापाने गळ्यातल्या टॉवेलने सोंडेवरचा चिखल पुसला. “ही तरी शाबूत हाय.”