आधी बसणारी

या, असे जवळ सरकून बसा. बुवा अजून वीणा लावून राहिलेत, तेवढ्यात माझी गोष्ट सांगून होईल.

जवळा बाजारला मारुतीपुढं मांडव घातला होता. मोठी सतरंजी अंथरलेली. टाळकरी उभे, मृदंगावर दोन-चार थापाही पडून गेलेल्या. आणि सतरंजीवर एक माणूस नाही! माणसं नव्हती असं नाही. कुणी चहाच्या गाड्यापाशी, कुणी मोटारसायकलवर बूड टेकून, बायका लिंबाखाली डोक्यावरचा पदर सारखा करीत. सगळे मांडवाकडं बघायचे, मग एकमेकांकडं बघायचे. रिकाम्या सतरंजीवर आधी जाऊन बसायचं म्हटलं की पाय उचलत नाही.

कालिंदीबाईही लिंबाखालीच होत्या. मारुतीची पूजा त्यांच्याच घराकडं, पण आज त्यांचं लक्ष देवाकडं नव्हतं. कानाला फोन होता आणि पलीकडं लेक, जान्हवी. अमेरिकेत. तिथं नुकतं उजाडलं होतं.

"आई, आज त्यांना उत्तर द्यायचंय. हो म्हणू ना?"

"विचारतेस काय? हो म्हण!"

या दिवसासाठी त्या माउलीनं किती वाती जाळल्या होत्या! जान्हवीच्या शहरात दवाखाना मोठा, घरं स्वस्त, माणसंही सालस. पण आपल्याकडचं कुणी नाही. भारतातलं सोडाच, नेपाळचं, चीनचं, फिलिपिन्सचं, कुठलंच नाही. पोरगी स्वयंपाक करताना भाजीशी मराठीत बोलायची. आता दुसऱ्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलं होतं. तिथं गल्लीच्या गल्ली आपली, देऊळ, एकादशीला भजन.

"पण मी म्हणते, तुझ्या त्या गावात कुणीच काहून येत नसेल गं? थंडी म्हणून?"

"थंडी तर तिकडंही आहे, आई. येतात ना लोक. येतात, बघतात, किराणा दुकानात विचारतात, आमच्याकडचं कुणी राहतं का इथं? नाही म्हटलं की गाडी वळवतात." जान्हवी जरा थांबली. "परवा एक नेपाळी बाई आली होती. कडेवर लेकरू. दुकानात मला पाहिलं अन् थबकलीच. म्हणाली, 'दीदी, आप यहीं रहती हैं ना?' माझा हातच धरला, आई. सोडेना. तिच्या नवऱ्याला इथं काम मिळतंय. मी जाणार आहे, हे सांगवलंच नाही मला."

कालिंदीबाईंनी मांडवाकडं पाहिलं. त्यांची नजर सतरंजीच्या मधोमध गेली.

गेल्या साली तिथं सिंधूबाई होती. मेंढरंवाली सिंधूबाई. मेंढरं कोंडली, हातपाय धुतले की सगळ्यांच्या आधी हजर. घोंगडी पसरून एकटीच मध्ये बसायची. "म्हातारीला जागा मोक्याची पाहिजे बरं!" लोक चिडवायचे. टाळी मात्र तिची सदा जराशी मागून पडायची, आणि विनोदाला सगळे हसून झाले की मग ती हसायची. कालिंदी नांदेडहून लग्न होऊन आली, तेव्हा याच लिंबाखाली बावरून उभी होती. सिंधूबाईनं घोंगडीवर हात आपटला. "ये की! काहून उभी ऱ्हायलीस? बस हितं." त्या संध्याकाळी हे गाव कालिंदीचं झालं. यंदा पोळ्याच्या आधी सिंधूबाई गेली.

मांडवाबाहेर एक मोटारसायकल सुरू झाली. मग दुसरी. "न्हाई होत आज कीर्तन," कुणीतरी म्हणालं. एका टाळकऱ्यानं गळ्यातले टाळ उतरवले.

कालिंदीबाई निघाल्या. फोन कानाशी तसाच. सगळ्या गावाच्या नजरा पाठीवर घेऊन मांडवात शिरल्या, सतरंजीच्या मधोमध बसल्या आणि अंगावरची शाल शेजारी पसरली. मग शालीवर हात आपटून लिंबाकडं पाहत म्हणाल्या, "या की गं बायांनो, काहून उभ्या?"

एक आली. तिच्यामागं दोघी. चहाचे पेले खाली ठेवले गेले, मोटारसायकली पुन्हा स्टँडवर लागल्या. बघता बघता सतरंजीचे काठ दिसेनात.

"आई, गलका कसला? एकदम एवढी माणसं कुठून आली?"

"इथंच होती. काठावर उभी." कालिंदीबाईंनी शालीचं टोक सारखं केलं. पुढचं ओठावर आणायला त्यांना फार जड गेलं. "जानू, त्या बाईला सांग, राहते म्हणून."

"आई! तूच तर म्हणायचीस, आपल्या माणसांत जा."

"म्हणत होते खरं. आता म्हणते, तिला दिसशील अशी बस."

पलीकडून रडू की हसू, कळेना असा आवाज आला. "ठीक आहे. कामावर गेले की त्यांना 'नाही' म्हणून कळवते. भाजीला मात्र वाईट वाटेल गं, माझं बोलणं कमी झालं तर."

फोन ठेवला तेव्हा शालीच्या टोकावर मल्हारी येऊन बसला होता. सिंधूबाईचा लेक. कालिंदीबाईंनी डोळे पुसले. "तुझी माय आज पाहिजे होती रे. कीर्तन ऐकायची काय आवड होती तिला!"

मल्हारी खाली बघत हसला. "ऐकायचं कुटं, काकू? लई सालं झाली, मायला दोनी कानानं कायबी ऐकू येत न्हवतं."

तर माउली, बुवा उभे राहिले. आता टाळ्या पडतील. त्यात एखादी जराशी मागून पडली, तर वळून हसू नका. सिंधूबाईची तेवढी आठवण ठेवा.